विश्लेषण : ‘तुम्हाला अधिकार नाही’ असे कंपनीचे सॉफ्टवेअर का सांगते? ही अडचण शोधायची आणि सोडवायची कशी?

३१ मार्चची दुपार. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यासमोर आणा. कच्च्या मालाचा पुरवठादार फोनवर आहे आणि आर्थिक वर्ष संपण्याआधी त्याला खरेदीची ऑर्डर, म्हणजे पीओ, हवी आहे. खरेदी अधिकारी माहिती भरतो, चाकण प्लांटचा क्रमांक टाकतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत संदेश येतो : या प्लांटसाठी तुम्हाला अधिकार नाही. दहा दिवसांपूर्वीच त्याची रांजणगावच्या प्लांटमधून इथे बदली झाली आहे. पद तेच, काम तेच. मग अधिकार गेला कुठे?

अशा वेळी कार्यालयात दोन सल्ले हमखास मिळतात. ‘माझ्या लॉगिनने करून टाक’ हा पहिला आणि ‘आयटीवाल्यांना सांग, सगळे अधिकार उघडून दे’ हा दुसरा. दोन्हींनी काम पाच मिनिटांत होते. मात्र ज्या तपासणीमुळे काम अडले, ती तपासणीच या दोन्ही उपायांनी निकामी होते. म्हणून हा संदेश नेमके काय सांगतो, त्याचे मूळ कसे शोधतात आणि काही वेळा अधिकार न देणेच योग्य का असते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हा सॉफ्टवेअरचा बिघाड असतो का?

बहुतेक वेळा नाही. खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब हे सगळे एकाच ठिकाणी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. जर्मनीतील ‘एसएपी’ ही या क्षेत्रातील सर्वात परिचित कंपन्यांपैकी एक. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ती १९७२ मध्ये सुरू केली. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट यांचीही अशी सॉफ्टवेअर आहेत. आपल्याकडच्या लहान-मध्यम व्यवसायांत हिशेबाचे काम बऱ्याच ठिकाणी ‘टॅली’वर चालते.

पूर्वी खरेदीची वही एका कपाटात, गोदामाचे रजिस्टर दुसऱ्या कपाटात आणि पगारपत्रक साहेबांच्या खणात असे. प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे. ईआरपीमध्ये ही सगळी कपाटे एका खोलीत आली. त्यामुळे कुलपेही सॉफ्टवेअरच्या आतच बसवावी लागली. ‘अधिकार नाही’ हा संदेश म्हणजे त्यातले एक कुलूप आपले काम करत असल्याची खूण असते. ते योग्य माणसासमोर बंद आहे की अयोग्य माणसासमोर, एवढाच प्रश्न उरतो.

पासवर्ड बदलून ही अडचण सुटते का?

नाही, आणि इथेच अनेकांचा वेळ वाया जातो. सॉफ्टवेअर दोन वेगवेगळे प्रश्न विचारते. पहिला : तुम्ही कोण? याचे उत्तर युजर आयडी, पासवर्ड आणि ओटीपीने मिळते. दुसरा : तुम्हाला हे काम करता येईल का? हा प्रश्न लॉगिन झाल्यानंतर, प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर नव्याने विचारला जातो.

कंपनीच्या मुख्य फाटकावर ओळखपत्र पाहून आत सोडतात, पण तेच ओळखपत्र दाखवून कॅशिअरची तिजोरी उघडता येत नाही, तसेच हे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक क्रमांकावरूनही कळतो. ४०१ हा क्रमांक दिसला तर ओळख पटलेली नाही. ४०३ दिसला तर साधारणपणे ओळख पटली आहे, पण परवानगी नाही. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड दहा वेळा बदलला तरी उत्तर बदलत नाही.

कोणाला कोणता अधिकार, हे ठरते कसे?

हजारो कर्मचाऱ्यांना एकेक अधिकार वेगळा देत बसणे अशक्य आहे. म्हणून अधिकार माणसाला न देता भूमिकेला, म्हणजे ‘रोल’ला देतात आणि रोल माणसाला देतात. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये या पद्धतीची औपचारिक मांडणी केली. आज मोठ्या कंपन्यांची बहुतेक सॉफ्टवेअर या ना त्या रूपात हीच पद्धत वापरतात.

एसएपीमध्ये ही रचना तीन पायऱ्यांची आहे. वर रोल. त्याच्या आत ‘ऑथरायझेशन ऑब्जेक्ट’, म्हणजे तपासणीचा एक मुद्दा. आणि त्या मुद्द्याच्या आत मूल्ये : काय करता येईल आणि कशावर. ‘काय’साठी ठरलेले क्रमांक आहेत. ०१ म्हणजे नवीन तयार करणे, ०२ म्हणजे बदलणे, ०३ म्हणजे फक्त पाहणे, ०६ म्हणजे काढून टाकणे. ‘कशावर’मध्ये प्लांटचा, कंपनीचा किंवा खरेदी गटाचा क्रमांक येतो.

पीओ तयार करण्यासाठी ‘एमई२१एन’ हा टी-कोड वापरतात. त्या एका पडद्यामागे अनेक तपासण्या होतात. हा टी-कोड उघडता येतो का? या प्रकारची ऑर्डर काढता येते का? या खरेदी गटासाठी? या खरेदी विभागासाठी? आणि या प्लांटसाठी? यापैकी एका ठिकाणी जरी ‘नाही’ आले, तरी ऑर्डर पुढे जात नाही.

जे स्पष्टपणे दिलेले नाही ते नाकारलेलेच समजायचे, हे यामागचे तत्त्व. जेरोम साल्ट्झर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या शोधनिबंधात ते मांडले आहे. प्रत्येकाला कामापुरताच, कमीत कमी अधिकार द्यावा, हे तत्त्वही त्याच निबंधात आहे.

मग योग्य माणसाचे काम का अडते?

कारणे बरीच असतात, पण व्यवहारात तीच ती पुन्हा भेटतात.

पहिले, रोल दिलेलाच नाही. नवी नेमणूक झाली, एचआरची नोंद झाली, पण अधिकाराचा अर्ज साहेबांच्या मंजुरीसाठी पडून आहे.

दुसरे, रोल आहे पण त्यातले मूल्य कमी आहे. आपल्या खरेदी अधिकाऱ्याचे हेच झाले. त्याच्या रोलमध्ये रांजणगावचा प्लांट आहे, चाकणचा नाही.

तिसरे, मुदत संपली. रोल देताना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा असतात. कंत्राटी कर्मचाऱ्यांचे अधिकार ३१ मार्चपर्यंत दिलेले असतील, तर १ एप्रिलच्या सकाळी हेल्पडेस्कचे फोन खणखणू लागतात.

चौथे, कागदावर दिला, प्रत्यक्षात पोहोचला नाही. एसएपीमध्ये रोल बदलल्यावर त्याचे ‘प्रोफाइल’ तयार करावे लागते आणि युजरच्या नोंदीशी त्याची जुळवणी करावी लागते. ही जुळवणी रोज रात्री आपोआप व्हावी अशी सोय कंपन्या करून ठेवतात. ते काम एखाद्या रात्री अडकले, तर यादीत रोल दिसतो, पण लागू होत नाही.

पाचवे, जुनी आठवण. लॉगिन करताना युजरचे अधिकार संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात घेतले जातात. नवा अधिकार दिल्यावर कधी कधी एकदा लॉगआऊट करून पुन्हा लॉगिन करावे लागते. ‘दिला म्हणता, पण चालत नाही’ या तक्रारींतल्या काही एवढ्यावरच मिटतात.

सहावे, सॉफ्टवेअर बदलले. नव्या आवृत्तीत किंवा कंपनीने स्वतः लिहून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये नवी तपासणी आली आणि रोल मात्र जुनाच राहिला.

काही संदेश दिसायला असेच असतात, पण त्यांचा व्यक्तीच्या अधिकाराशी संबंध नसतो. लेखा विभागाने महिना बंद केला असेल, तर त्या तारखेची नोंद होत नाही. दुसरे कोणी तोच दस्तऐवज उघडून बसले असेल, तरी तो बदलता येत नाही. त्यामुळे संदेश शब्दशः वाचणे ही शोधाची पहिली पायरी ठरते.

शोध सुरू कुठून करायचा?

‘एसएपी चालत नाही, अर्जंट’ एवढाच मजकूर असलेली तिकिटे प्रत्येक आयटी विभागाच्या ओळखीची असतात. त्यावरून काहीच कळत नाही आणि प्रश्नोत्तरांत अर्धा दिवस जातो.

एसएपीमध्ये यासाठी ‘एसयू५३’ हा टी-कोड आहे. संदेश आल्याबरोबर, त्याच लॉगिनमध्ये, दुसरे काहीही न करता तो चालवायचा. कोणती तपासणी फसली, कोणते मूल्य मागितले गेले आणि त्या मुद्द्यावर युजरकडे काय आहे, हे त्यात दिसते. चाकणच्या उदाहरणात तिथे ‘एम_बीईएसटी_डब्ल्यूआरके’ हा खरेदी ऑर्डरमधील प्लांट तपासणारा मुद्दा दिसेल. मागितलेली कृती ०१, मागितलेला प्लांट चाकणचा, आणि युजरकडे असलेला प्लांट रांजणगावचा. पाच मिनिटांत निदान झाले.

या पडद्याच्या स्क्रीनशॉटबरोबर आणखी चार गोष्टी तिकिटात असाव्यात : मूळ संदेश जसाच्या तसा, टी-कोड, वेळ आणि नेमके काय करायचे होते. हेच काम आधी जमत होते का आणि कधीपासून थांबले, हेही लिहावे. ‘कालपर्यंत होत होते’ आणि ‘कधीच झाले नाही’ ही दोन उत्तरे शोधाला दोन वेगळ्या दिशांना नेतात.

आणखी एक साधी कसोटी उपयोगी पडते. त्याच पदावरच्या दुसऱ्या सहकाऱ्याला, त्याच्याच लॉगिनवरून, तेच काम करता येते का? सगळ्यांचेच अडले असेल, तर गडबड रोलमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. एकाचेच अडले असेल, तर ती त्या युजरच्या नोंदीत आहे.

‘एसयू५३’ दाखवते तेच खरे कारण असते का?

नेहमी नाही. नवशिका सपोर्ट कर्मचारी इथेच फसतो. हा पडदा फसलेल्या तपासण्या दाखवतो. पण प्रत्येक फसलेली तपासणी कामात अडथळा आणते असे नाही. एखादे बटण दाखवायचे की लपवायचे, एवढे ठरवण्यासाठीही प्रोग्रॅम गुपचूप तपासणी करतो. ती फसली तर बटण दिसत नाही, बाकी काम सुरळीत चालते. पण ‘एसयू५३’मध्ये तिचीच नोंद सर्वात वर दिसू शकते. ती पाहून अधिकार दिला, तर मूळ अडचण तशीच राहते आणि नको असलेला अधिकार मात्र कायमचा जोडला जातो.

म्हणून गुंतागुंतीच्या प्रकरणात ‘ट्रेस’ लावतात. त्यासाठी ‘एसटीएयूटीएचट्रेस’ आणि त्याहून जुना ‘एसटी०१’ हे टी-कोड आहेत. ट्रेस त्या एका युजरपुरता सुरू करायचा, त्याला तेच काम पुन्हा करायला सांगायचे आणि लगेच बंद करायचा. मग झालेल्या प्रत्येक तपासणीची क्रमवार यादी मिळते. प्रत्येकीपुढे निकालाचा क्रमांक असतो. ० म्हणजे पास. ४ म्हणजे तो मुद्दा युजरकडे आहे, पण मूल्य जुळत नाही. १२ म्हणजे तो मुद्दाच युजरकडे नाही.

४ आणि १२ यांतला फरक कामाचा असतो. ४ आला तर बहुधा प्लांट, कंपनी किंवा कृतीचा क्रमांक चुकलेला असतो. १२ आला तर अख्खा रोलच चुकीचा असण्याची शक्यता जास्त. चाकणचे प्रकरण ४ क्रमांकाचे आहे.

दुरुस्ती माणसात करायची की रोलमध्ये?

मोठ्या कंपन्यांत प्रत्येक प्लांटसाठी रोलची वेगळी प्रत असते. ‘खरेदी अधिकारी’ हा मूळ रोल एकच, आणि त्याच्या रांजणगाव, चाकण, नाशिक अशा प्रती. कामे सारखी, फक्त प्लांटचा क्रमांक वेगळा.

अशा वेळी रांजणगावच्या प्रतीत चाकणचा क्रमांक घुसवणे ही मोठी चूक ठरते. ती प्रत वापरणाऱ्या रांजणगावच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना त्या क्षणापासून चाकणच्या ऑर्डर काढता येतील. एकाची अडचण सोडवताना वीस जणांना नको तो अधिकार मिळेल. योग्य मार्ग म्हणजे चाकणची तयार प्रत या अधिकाऱ्याला देणे आणि रांजणगावची काढून घेणे.

रोलमध्येच बदल करायचा असेल, तर तो थेट चालू यंत्रणेत करत नाहीत. आधी विकास यंत्रणेत बदल, मग चाचणी यंत्रणेत पडताळणी आणि मग प्रत्यक्ष वापराच्या यंत्रणेत. चाचणीत दोन गोष्टी पाहायच्या असतात. हवे ते काम होते का, ही एक. नको ते काम अजूनही अडते का, ही दुसरी. घाईत दुसरी चाचणी राहून जाते.

‘तात्पुरते सगळे अधिकार द्या’ म्हटले तर बिघडते काय?

एसएपीमध्ये ‘एसएपी_ऑल’ नावाचे प्रोफाइल आहे. नावाप्रमाणेच ते जवळपास सर्व दारे उघडते. ते दिले की अडचण क्षणात गायब होते. पण त्यातून कळते एवढेच, की अडचण अधिकाराचीच होती. कोणत्या अधिकाराची, हे कळत नाही. पुढच्या बदलीला तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

त्याहून मोठा धोका म्हणजे ‘तात्पुरते’ दिलेले परत घेण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. माणूस गोदामातून खरेदीत जातो, खरेदीतून लेखा विभागात जातो आणि प्रत्येक वेळी नवा रोल मिळतो, जुना तसाच राहतो. आठ-दहा वर्षांच्या नोकरीत एका साध्या कर्मचाऱ्याकडे अधिकाऱ्यांकडेही नसतील इतक्या किल्ल्या जमा होतात. त्याची नियत साफ असली, तरी त्याचा पासवर्ड चोराच्या हाती पडला की त्या सगळ्या किल्ल्या चोराच्या होतात.

सहकाऱ्याचा पासवर्ड वापरण्याचा मार्ग तर दोघांनाही गोत्यात आणतो. नोंदीत ज्याचे लॉगिन त्याचे नाव येते. सहा महिन्यांनी त्या ऑर्डरवर प्रश्न निघाला, तर ‘मी केलेच नाही’ हे सिद्ध करणे त्याला फार कठीण जाते.

असे घडल्याची मोठी उदाहरणे आहेत का?

एका माणसाकडे दोन टोकांचे अधिकार गेल्यावर काय होते, याचे सर्वात गाजलेले उदाहरण ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेचे. १७६२ मध्ये स्थापन झालेली ही बँक १९९५ मध्ये बुडाली. तिच्या सिंगापूर कार्यालयातील निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांची नोंद व पूर्तता पाहणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा ८८८८८ या क्रमांकाच्या खात्यात लपवला गेला आणि तो ८२ कोटी पौंडांच्या पुढे गेला. डच कंपनी आयएनजीने ती बँक अवघ्या एका पौंडाला विकत घेतली.

मुंबईकरांना जवळचे उदाहरण पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेने तिथल्या सुमारे ११,४०० कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराची माहिती जाहीर केली. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा आणि बँकेची मुख्य हिशेब यंत्रणा तेव्हा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे एका यंत्रणेतून हमी गेली, तरी दुसरीत तिची नोंद नसल्याचे आपोआप उघड होत नव्हते. या दोन यंत्रणा जोडून घ्या, असे रिझर्व्ह बँकेने त्यानंतर बँकांना बजावले.

दोन्ही ठिकाणी दोष एखाद्या संगणकीय बिघाडाचा नव्हता. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे, ही भिंतच तिथे उभी नव्हती.

मग अधिकार नाकारणे कधी योग्य?

चाकणच्या अधिकाऱ्याची पुढची अडचण पाहा. पीओ निघाली, पुरवठादार जवळचाच असल्याने संध्याकाळी माल फाटकावर आला. स्टोअरकीपर रजेवर आहे. माल जमा झाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, आजच व्हायला हवी. अधिकारी स्वतःच ‘मिगो’ हा टी-कोड उघडतो आणि पुन्हा तोच संदेश : अधिकार नाही.

वरवर पाहता ही पहिल्यासारखीच अडचण आहे. पण इथे सॉफ्टवेअर बरोबर आहे. ऑर्डर एकाने काढायची, माल दुसऱ्याने मोजून घ्यायचा आणि बिल तिसऱ्याने या दोन्हींशी ताडून मंजूर करायचे, अशी कारखान्यांतली रीत आहे. ऑर्डर आणि जीआरएन एकाच्याच हातात आली, तर न आलेला मालही ‘आला’ म्हणून दाखवता येतो. बिल तपासणाऱ्याच्या समोरचे दोन्ही कागद जुळतील आणि पैसे निघून जातील. तसेच पुरवठादाराचे बँक खाते बदलणारा आणि पैसे सोडणारा हे दोघेही वेगळे असावे लागतात.

म्हणून या तिकिटावर अधिकार द्यायचा नसतो, पर्याय द्यायचा असतो. दुसऱ्या पाळीच्या स्टोअर कर्मचाऱ्याला ते काम देता येते. तोही नसेल, तर खरेदीशी संबंध नसलेल्या व्यक्तीला ‘फायरफायटर’ आयडी देतात. अग्निशमन दलाच्या नावाची ही सोय नावाप्रमाणेच आणीबाणीपुरती असते. कारण लिहून मंजुरी घ्यायची, ठरावीक वेळेपुरताच वापरायची, आणि त्यात केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद नंतर दुसऱ्या अधिकाऱ्याने पाहायची.

लेखा विभागात दोनच माणसे असलेल्या लहान व्यवसायाला एवढी विभागणी परवडत नाही. तिथे मालकाने स्वतः दर आठवड्याला नवे पुरवठादार, बदललेली बँक खाती आणि मोठी बिले यांची यादी डोळ्यांखालून घालावी. ‘टॅली’मध्येही युजरनिहाय अधिकार ठरवता येतात. सगळ्यांनी मालकाच्याच लॉगिनने काम करण्याची सवय मात्र मोडायला हवी.

कायदा काय सांगतो?

हा विषय फक्त आयटी विभागाचा राहिलेला नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४३ नुसार, काही लहान खासगी कंपन्यांचा अपवाद वगळता, आर्थिक व्यवहारांवरील अंतर्गत नियंत्रणे पुरेशी आहेत का आणि ती प्रत्यक्ष चालतात का, यावर लेखापरीक्षकाला मत द्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी ‘ऑडिट ट्रेल’ सोय बंधनकारक आहे. लॉगिन उसने दिले, तर ही नोंदच खोटी ठरते.

एन्रॉनसारख्या घोटाळ्यांनंतर अमेरिकेने २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा केला. अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तो लागू आहे. पुण्या-मुंबईतील आयटी कंपन्यांतून अशा कंपन्यांची तिकिटे सोडवली जातात, त्यामुळे ‘मंजुरीचा मेल जोडा’ हा आग्रह तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. वैयक्तिक माहितीबाबत डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पगार आणि आजारपणाच्या नोंदी कोणाला दिसतात, हा प्रश्नही त्यामुळे तितकाच गंभीर आहे.

कर्मचाऱ्यांनी आणि कंपन्यांनी काय करावे?

कर्मचाऱ्याने संदेश आल्यावर तो बंद करण्याआधी वाचावा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. ‘एसयू५३’ उपलब्ध असेल तर लगेच चालवावे. पासवर्ड कोणाला देऊ नये, कोणाचा मागू नये. बदली किंवा बढतीचे पत्र हातात पडताच नव्या अधिकारांसाठी अर्ज करावा, मार्चअखेरची वाट पाहू नये. कामापुरते मागावे. ‘अमुक साहेबांसारखेच अधिकार द्या’ असा अर्ज केला, की त्या साहेबांकडे वर्षानुवर्षे साठलेल्या अनावश्यक किल्ल्याही सोबत येतात.

कंपन्यांनी बदली आणि राजीनाम्याची एचआरमधील नोंद अधिकारांशी जोडावी, म्हणजे जुना रोल आपोआप निघेल. प्रत्येक विभागप्रमुखाने ठरावीक काळाने आपल्या माणसांचे अधिकार तपासावेत. त्यासाठी दिलेली यादी मात्र त्याला समजेल अशा भाषेत हवी. ‘एम_बीईएसटी_डब्ल्यूआरके, ०१’ असे लिहिले, तर तो न वाचताच सही करेल. ‘चाकण प्लांटसाठी खरेदीची ऑर्डर काढू शकतो’ असे लिहिले, तर तो थांबून विचार करेल.

चाकणच्या अधिकाऱ्याचे पहिले तिकीट ३१ मार्चलाच सुटले. चाकणचा रोल मिळाला, एकदा लॉगआऊट-लॉगिन झाले, ऑर्डर निघाली. दुसऱ्या तिकिटावर ‘अधिकार देता येणार नाही’ असे उत्तर आले आणि जीआरएन दुसऱ्या पाळीच्या स्टोअर कर्मचाऱ्याने माल मोजून केली. तरीही सपोर्टवाल्याने पहिले तिकीट लगेच बंद करायचे नसते. रांजणगावचा रोल अजून त्या अधिकाऱ्याच्या नावावर आहे का, हे पाहून तो काढल्यावरच ते काम पूर्ण होते.